पवनीच्या घाटावरचा हिशेब

मुलांनो, भंडारा जिल्ह्यातल्या पवनीला वैनगंगा पार करताना जुने ढिवर नावेचं तोंड थेट समोरच्या घाटावर धरत नसत. जरा वरच्या अंगाला धरत. का बरं? धार नाव खाली ओढायची ना!

समुद्रावरच्या नौकेत हाच हिशेब यंत्रं करतात. होकायंत्र सांगतं, तोंड कुठे. वेगमापक सांगतो, पाण्यातला वेग. जीपीएस सांगतं, नौका खरी कुठे सरकतेय. तिन्ही जोडलं की प्रवाहाची ओढ कळते. एकट्या होकायंत्रावर विसंबलं, तर गाठ खडकाशी!

१९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणानं, धरणाच्या वरच्या अंगाला, वैनगंगेची धार आता मंदावलीय. पण पाणी पसरलं, जुन्या खुणा बुडाल्या, वाऱ्याला रान मोकळं झालं. नावाड्याला हिशेब नव्यानं मांडावा लागतो. मोठ्यांसोबत घाटावर जा, तरंगतं पान बघा अन् सांगा: ओढ धारेची, की वाऱ्याची?