नदी वेळेवर, मी लेट

कोलाडची नदी ऑफिसला जाते. खोटं नाही, बॉस! मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून (१९२७ सालचं) कुंडलिकेत उतरतं. सकाळी पाणी सुटलं की राफ्टही सुटतात. म्हणजे मुंबईला वीज, आपल्याला लाटा.

मी मात्र हायवेवरच्या टपरीत. पोह्यांवर लिंबू पिळायला बाबांचं एचएमटी काढून ठेवलं, आणि गायब! बाबा गेल्यापासून रोज न चुकता किल्ली देतोय. खिसे, सॅक, बाकाखाली...

‘दादा, पोहे निवले,’ काकू म्हणाल्या.

एका नदीत दोनदा उतरता येत नाही, हा हेराक्लिटसचा फंडा. मला एकदाही जमेना. राफ्ट गेली. दुसरी प्लेट मागवली. काकूंनी लिंबांची टोपली पुढे सरकवली. तळाशी टिकटिक.