ध्रुव सापडला

खगोलशास्त्राच्या प्राथमिक परीक्षेचा अर्ज वर्गातून मी एकट्यानेच भरला. शिकवणारे कोणी नाही. ध्रुव म्हणजे सर्वांत तेजस्वी तारा, असे मी मनाशी धरले आणि चैत्रात चार रात्री वायव्येच्या एका ठळक ताऱ्याला ध्रुव समजत बसलो. पाचव्या रात्री जास्त जागलो, तर तो मावळलाच! ब्रह्महृदय होता तो. आजी म्हणाली, "आरं, बाजल्याकडं बघ की." बाजलं म्हणजे सप्तर्षी. पुलहापासून क्रतूकडे रेघ धरून पाचपट पुढे गेलो. डोंगराच्या वर एक साधासाच तारा होता. हात लांब करून मुठीने मोजले. दोन मुठींना थोडे कमी. एक मूठ म्हणजे सुमारे १० अंश. नकाशात आमच्या गावाचे अक्षांश १८! ध्रुवाची उंची अक्षांशाएवढी असते, हे वाक्य मी नुसतेच घोकले होते. परीक्षा रविवारी आहे.