वाकण्याचा अभ्यास

पुण्याहून खडकवासल्यामार्गे पानशेतकडे सायकल हाकताना पश्चिमेचा वारा समोरून अंगावर येऊ लागला, की सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरांचा वेग राखण्यासाठी लागणाऱ्या शक्तीचा सर्वांत मोठा हिस्सा केवळ हवा बाजूस सारण्यात खर्ची पडतो, आणि ती हवा अडवण्याचा मुख्य अपराध सायकलीचा नसून तिच्यावर ताठ बसलेल्या आपल्या धडाचा असतो, याचा प्रत्यय फार लवकर येतो. स्कॉटलंडच्या ग्रेम ओब्रीने १९९३ साली नॉर्वेतील हामार येथे दोन्ही हात छातीखाली दुमडून एका तासात ५१.५९६ किलोमीटर अंतर कापले, तेव्हा स्पर्धांचे नियमन करणाऱ्या जागतिक संघटनेने पुढच्याच वर्षी त्या बैठकीवर बंदीहुकूम बजावला. माझी महत्त्वाकांक्षा इतकी बेकायदेशीर नव्हती. हँडल सीटच्या पातळीखाली चार बोटे जावे, एवढीच माझी दरखास्त होती.

हँडल उतरवणे हे पान्ह्याचे काम. स्टेमखालच्या चकत्या काढून त्याच्या वर चढवल्या की झाले. परंतु कचेरीच्या खुर्चीत उमर काढलेल्या माणसाच्या मांडीमागील स्नायू, जे बैठकीच्या हाडांपासून निघून गुडघ्याखाली पोचतात, ते आखडलेले असले म्हणजे श्रोणीला पुढे झुकू देत नाहीत, आणि मग वाकण्याचा सारा भार कंबरेच्या मणक्यांवर व रस्ता दिसावा म्हणून उचलून धरलेल्या मानेवर पडतो. यावर सर्वांनी सुचवलेला इलाज म्हणजे पश्चिमोत्तानासन. ते मी निष्ठेने केले, आणि कपाळ हळूहळू गुडघ्यांकडे सरकूही लागले. तथापि पॅडल तळाशी असतानाही गुडघा साधारण ३० अंशांनी दुमडलेलाच राहतो, त्यामुळे सायकलीवर त्या स्नायूंना आसनातल्याइतके ताणावे लागतच नाही. खरा अडसर येतो तो पॅडल माथ्यावर असताना, मांडी पोटाला भिडू पाहते तेव्हा. आणि तेथे खुब्याच्या ताठरपणाबरोबर पोटाचा घेरही प्रतिपक्षाच्या वकिलासारखा उभा राहतो.

म्हणून सायकलीवरून उतरल्यावर, अंग तापलेले असतानाच, मेजाच्या कडेवर तळहात टेकून, पाठ सरळ ठेवून, केवळ खुब्यातून पुढे झुकण्याचा परिपाठ मी ठेवला. त्याच्या जोडीला कोपरांवर व चवड्यांवर देह तोलून धरण्याचा व्यायाम, कारण लवचीकपणाने मिळालेली बैठक टिकवायला शेवटी बळच लागते. शिवाय १७२.५ मिलिमीटरांचा क्रँक काढून १६५ मिलिमीटरांचा बसवला आणि त्या फरकाइतकी सीट वर घेतली, तेव्हा पॅडल माथ्यावर असताना खुब्याला १५ मिलिमीटरांची सूट मिळाली. तेवढी सूट स्नायूंकडून वसूल करायला किती काळ लागला असता, कोण जाणे!

चकत्या मी एकदम काढल्या नाहीत; ५ मिलिमीटरांची एक काढावी, पाठीची तक्रार नाही याची खातरजमा व्हावी, मगच दुसरीला हात लावावा, असा क्रम ठेवला. चार बोटांची दरखास्त अखेर तीन बोटांवर मंजूर झाली, कारण त्याहून खाली जाण्यास मान राजी नाही, आणि चाळिशीनंतरच्या मानेशी हुज्जत घालण्यात मला स्वारस्य नाही.

ज्या कोणास हँडल उतरवायचे असेल त्याने आधी आहे त्याच हँडलावर कोपरे वाकवून, धड खाली घेऊन, अर्धा तास सायकल चालवून पाहावी. तेवढा वेळ कंबर व मान निमूट राहिली, तरच पान्हा हाती घ्यावा.