उरलेल्यापैकी किती?

पाचवीचं वर्ष लागलं की आमच्या कागलमध्ये घरोघरी एकच विषय निघतो, तो म्हणजे नवोदय. कोल्हापूर जिल्ह्याचं जवाहर नवोदय विद्यालय आमच्याच गावी आहे. राहणं-जेवण शाळेतच, मुलींना फी नाही आणि एक तृतीयांश जागा मुलींसाठी. मात्र सहावीसाठीची ही प्रवेश परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते. 2 तास, 80 प्रश्न, 100 गुण. म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम दीड मिनिट.

आमची थोरली या परीक्षेला बसणार असं ठरलं, तेव्हा आम्ही दोघांनी रोज मगरिबनंतरचा एक तास तिच्यासाठी ठेवला. तिचे पाढे पक्के होते, भागाकारही चुकत नव्हता. शाब्दिक उदाहरण आलं की मात्र गाडी अडायची. थोड्याच दिवसांत आमच्या लक्षात आलं की अडचण गणितात नसून वाचनात आहे. घरी आपण दखनी बोलतो, शाळेत पुस्तकी मराठी. 'तीनने जास्त' आणि 'तिप्पट' यांत फरक काय, 'प्रत्येकी' म्हणजे काय, 'उरलेल्यापैकी' म्हणजे कशापैकी, हे मुलांना कुणीतरी बसून सांगावं लागतं.

एक उदाहरण घ्या. पाटीत 60 आंबे होते. एक तृतीयांश विकले. उरलेल्यापैकी एक चतुर्थांश खराब निघाले. चांगले किती राहिले? थोरलीने 20 आणि 15 वजा करून 25 उत्तर दिलं. चार पर्यायांत 25 होतंच! चुकीच्या वाटेने गेलेल्या मुलाला जे उत्तर मिळतं, तेही पर्यायांत मांडलेलं असतं. खरं तर 20 विकल्यावर 40 उरले, त्यांतले 10 खराब, म्हणून चांगले 30.

दुसरं रेशनच्या रांगेचं. एक बाई पुढून नववी आणि मागून बारावी, तर रांगेत बायका किती? सगळी पोरं 21 म्हणतात. आम्ही ताटलीत शेंगदाणे मांडून दाखवले. ती बाई दोनदा मोजली जाते, म्हणून 20.

शेळ्या-कोंबड्यांचं उदाहरण दादींनी सोडवून दाखवलं. डोकी 20, पाय 56, तर शेळ्या किती? दादी म्हणाल्या, "बाभळीचा पाला खाताना शेळी कशी उभी राहते? पुढचे दोन्ही पाय वर. तशा सगळ्या उभ्या कर." मग जमिनीवर पाय राहिले 40, हवेत 16. एका शेळीचे दोन, म्हणून शेळ्या 8, कोंबड्या 12. दादी शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. थोरलीला त्यानंतर हे गणित पुन्हा शिकवावं लागलं नाही.

अशी उदाहरणं आपल्या परंपरेला नवी नाहीत. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी यांनी बीजगणितावर ग्रंथ लिहिला. 'अल्जेब्रा' हा शब्द त्याच्याच नावातल्या 'अल-जब्र'वरून आला. त्या ग्रंथाचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांचा आहे. कर्ज किती, वसियत किती, वारस कोण, हे शब्द नीट वाचल्याशिवाय आकड्यांना हात लावता येत नाही. वाचण्यात चूक झाली तर कुणाचा तरी हक्क जातो.

थोरलीचं नाव निवड यादीत आलं नाही. दोन दिवस ती नीट जेवली नाही. दुसरी संधी नाही, हे तिला ठाऊक होतं. समजूत घालायला आमच्याकडेही शब्द नव्हते. तिसऱ्या दिवशी वही घेऊन ती धाकट्याजवळ बसली. आता ती सातवीत आहे आणि त्याची तयारी तीच करून घेते. आधी प्रश्न मोठ्याने वाचायचा, मग तो आपल्या शब्दांत सांगायचा आणि त्यानंतरच पेन्सिल उचलायची, असा तिचा नियम आहे.

गेल्या महिन्यात हप्त्यावर फ्रिज घ्यायचं घरात चाललं होतं. रोख किंमत 18,000. हप्ते 12, प्रत्येकी 1,750. कागद वाचून थोरली म्हणाली, "अब्बा, हे 21,000 होतात. 3,000 जास्त कशाला द्यायचे?" फ्रिज आम्ही पैसे साठवून घेणार आहोत.

तुमच्या घरी पाचवीतलं मूल असेल तर क्लासची चौकशी जरूर करा. पण त्याआधी आज रात्री त्याला एक उदाहरण मोठ्याने वाचायला लावा आणि विचारा, "बाळा, नेमकं काय विचारलंय?" उत्तराची घाई करू नका.