उत्तीर्ण आणि निवड

आमच्या वडिलांस दूरध्वनीपेक्षा पत्र प्रिय. म्हणून गतवर्षी चंदीगडच्या सेक्टर २२ मधील आमच्या सरकारी बिऱ्हाडातून साताऱ्यास पत्र गेले : ‘बढतीच्या परीक्षेत उत्तीर्ण झालो.’ तिकडे आळीभर पेढे वाटले गेले.

परीक्षेचे पूर्ण नाव ‘लिमिटेड डिपार्टमेंटल कॉम्पिटिटिव्ह एक्झामिनेशन’. कचेरीच्या टिपणांत ते आम्ही शंभरदा बिनचूक लिहिले असेल. अर्थ मात्र घरच्या पत्रात चुकला. ‘लिमिटेड’ म्हणजे परीक्षा आटोपशीर, असे नव्हे. ती खात्यातील पात्र नोकरांपुरतीच खुली असते. आणि ‘कॉम्पिटिटिव्ह’ म्हणजे किमान गुण मिळवून भागत नाही. जागा असतील तितकेच वरचे उमेदवार घेतले जातात. १९१८ साली लंडनच्या आय. सी. एस. परीक्षेत चिंतामणराव देशमुख पहिले आले. त्यांना घरी ही फोड करावी लागली नसेल. आम्हांस करावी लागली. किमान गुणांची रेषा आम्ही ओलांडली होती, पण जागा आमच्या वरच संपल्या होत्या.

दुसरे पत्र लिहावयास आठ दिवस लागले : ‘उत्तीर्ण झालो, निवड झाली नाही.’

वडिलांचे उत्तर आले : ‘पेढे उत्तीर्ण होण्याचेच होते. परीक्षेस पुन्हा बैस.’