भागीरथीच्या पात्रातून

गतवर्षी कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला आणि डिसेंबरच्या आरंभी आम्ही उभयतां कोलकात्याहून मुर्शिदाबादपर्यंतच्या जलप्रवासाला निघालो. बेत मुलांनी आखला, पैसेही त्यांनीच भरले. आम्हा अकोलेकरांना नदी म्हणजे मोर्णा, आणि मोर्णेत बोट चाललेली आमच्या पिढीने तरी पाहिलेली नाही. त्यामुळे सात दिवस पाण्यावर राहायचे, काठावरच्या एकेका गावी उतरायचे, मार्गदर्शक सांगेल ते ऐकायचे आणि पुन्हा बोटीवर यायचे, ही कल्पनाच मला अपरिचित होती.

निघताना बॅगेत एक कागद ठेवला होता. आमच्या मूळ खेड्यात पणजोबांनी बांधलेले पार्श्वनाथ प्रभूंचे लहानसे मंदिर आहे. गावात आता साधर्मिकांचे एकही घर उरलेले नाही. गुरुमहाराजांची आज्ञा घेऊन प्रतिमाजी अकोल्याच्या मंदिरात आणावी, असे पत्र चुलत बंधूंनी तयार केले होते. सर्वांच्या सह्या झाल्या होत्या, माझी राहिली होती. प्रवासात शांतपणे वाचून करीन, असे सांगून मी तो सोबत घेतला.

हावडा मेलने कोलकाता गाठले. गौरीबाडी येथील राय बद्रीदास बहादूर यांनी 1867 साली बांधविलेल्या शीतलनाथ प्रभूंच्या मंदिरात दर्शन घेतले आणि बोटीवर चढलो. सहप्रवासी बहुतेक परदेशी. भोजनाची आम्हाला धास्ती होती, कारण बंगालच्या स्वयंपाकघरात मासळी नाही असा दिवस नसतो. परंतु आचारी समंजस निघाला. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य म्हटल्यावर त्याने वेगळी भांडी काढली आणि कच्च्या केळ्याची भाजी अशी केली की सौ.ने कृती लिहून घेतली.

फजिती झाली ती सूर्यामुळे. आमचा दोघांचा चौविहार. घरी डिसेंबरात साडेपाचपर्यंत जेवण उरकते. पण कोलकाता आपल्यापेक्षा कितीतरी पूर्वेला, आणि घड्याळ मात्र साऱ्या देशाचे एकच. तेथे पाच वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. काळना येथे वर्धमानच्या महाराजांनी 1809 मध्ये बांधलेली 108 शिवमंदिरे दोन वर्तुळांत उभी आहेत, बाहेरच्या वर्तुळात 74 आणि आतल्यात 34. ती मोजण्यात आम्ही इतके रमलो की परत धक्क्यावर आलो तेव्हा नदीवर अंधार पसरला होता. त्या रात्री पाण्याचा थेंबही घेतला नाही. दुसऱ्या दिवसापासून आचारी सव्वाचारलाच दारावर टकटक करू लागला.

काळन्याच्या आदल्या दिवशी श्रीरामपूर पाहिले होते. हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते. तेथील मिशनच्या छापखान्यात विल्यम केरी यांनी 1805 साली मराठीचे व्याकरण आणि 1810 साली मराठीचा कोश छापला, आणि या कामात त्यांना नागपूरकडचे पंडित वैजनाथ यांचे साह्य होते. कोशातील मराठी शब्द मोडी टंकात आहेत. आमच्या पेढीच्या जुन्या वह्यांत मारवाडी मुडियाच्या शेजारी मोडीतल्या नोंदी आढळतात. त्या मोडीचे खिळे हजार किलोमीटरवर, गंगेच्या काठी ओतले गेले होते, हे ऐकून नवल वाटले. मार्गदर्शक तरुण बंगाली होता. आम्ही महाराष्ट्रातले, तेही नागपूरच्या बाजूचे, हे त्याने त्या दिवशी ध्यानात ठेवले असावे.

कारण कटव्याला, अजय नदी भागीरथीला मिळते तेथे, त्याने आमच्याकडे पाहून हसत विचारले, "आपण बर्गींच्या देशचे ना?"

बर्गी म्हणजे आपला बारगीर, ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे तो स्वार. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर 1742 साली चौथाईसाठी बंगालवर चालून गेले. त्यांचा तळ याच कटव्याच्या परिसरात होता. त्या शरदात त्यांनी येथे दुर्गापूजा मांडली आणि पूजा चालू असतानाच नबाब अलीवर्दीखानाने छापा घातला. दोन वर्षांनी भेटीला बोलावून नबाबाने त्यांना मारविले, आणि पुढे 1751 च्या तहापर्यंत स्वाऱ्या चालूच राहिल्या. आपल्या पुस्तकांत हा पराक्रम असतो. बंगालमध्ये मात्र आया आजही मुलांना निजविताना बर्गींचा धाक घालणारी अंगाई म्हणतात. मार्गदर्शकाने ती गुणगुणून दाखविली. परदेशी पाहुण्यांना चाल आवडली. मी नदीकडे पाहत राहिलो.

खरा धक्का पुढेच होता. याच 1742 च्या उन्हाळ्यात या फौजेची एक तुकडी मुर्शिदाबादेत शिरली आणि तिने जगत् सेठांची कोठी लुटली. जगत् सेठ म्हणजे आपले ओसवाल जैन. मूळ पुरुष नागौरचे हिरानंद, त्यांचे पुत्र माणिकचंद मुर्शिदाबादला आले आणि फतेहचंदांना दिल्लीच्या बादशहाने 'जगत् सेठ' हा किताब दिला. सुभ्याची टांकसाळ आणि हुंड्या त्यांच्या हाती होत्या. लुटणारे आमच्या मुलखाचे आणि लुटले गेले ते आमच्या धर्माचे! आमचे पूर्वज मारवाडातून कापसामागे वऱ्हाडात आले, त्यांचे रेशीम आणि हुंडीमागे बंगालात गेले, एवढाच फरक. मी दुःख कोणत्या बाजूने करावे, हे मला त्या रात्री उमगले नाही. पुढे 1757 मध्ये प्लासीच्या कटात हेच घराणे इंग्रजांबरोबर होते आणि 1763 मध्ये मीर कासिमने महताबराय व स्वरूपचंद यांना ठार मारविले. राजकारणात पैसा गुंतवणाऱ्याने हे प्रकरण अवश्य वाचावे.

महिमापूर येथील सेठांच्या घरी आता संग्रहालय आहे. दुगड घराण्याची काठगोला बाग आणि तिच्यातील आदिनाथ प्रभूंचे मंदिर पाहिले. शेवटच्या दिवशी अजीमगंजला उतरलो. पलीकडच्या काठावर जियागंज. या जोडगावांत दहाच्या वर जिनमंदिरे आहेत. येथील जैनांना 'शहरवाली' म्हणतात. मासळीच्या मुलखात राहून त्यांनी आपली शाकाहारी पाकशैली घडविली. कैरीची खीर त्यांचीच, आणि कोहितूर आंबा ते कापसात गुंडाळून ठेवीत असत. कापसाचा हा उपयोग आम्हा अकोलेकरांना सुचला नव्हता. घराणी पुढे कोलकात्याला गेली. काही हवेल्यांची डागडुजी झाली आहे, एकीचे हॉटेल झाले आहे, कित्येकींच्या गच्चीवर मात्र पिंपळ उगवले आहेत.

एका मंदिरात गेलो. गाभारा स्वच्छ, केशराचा सुगंध, दिवा तेवत होता. पूजा करणारे वृद्ध गृहस्थ जन्माने जैन नव्हते, बंगालीच होते. त्यांचे वडीलही तेथेच सेवेस होते. 'जिनेंद्र'चे 'जिनेन्द्रो' करीत त्यांनी स्नात्रपूजेच्या काही ओळी आम्हाला म्हणून दाखविल्या. एकही अक्षर चुकले नाही. मग सहज विचारले, "आपल्या गावी भगवंतांचा पक्षाल कोण करतो?"

मी म्हणालो, "एक माणूस ठेवला आहे."

"नाव काय त्यांचे?"

मला सांगता आले नाही. त्याचा पगार चुलत बंधूंच्या पेढीतून जातो, एवढेच मला माहीत होते.

सायंकाळी साडेचारला जेवून आम्ही डेकवर बसलो. मी तो कागद काढला. सौ.ने चष्मा लावून तो पूर्ण वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाल्या, "अहो, पोषदशमी जवळ आली आहे. प्रभूंचा जन्मकल्याणक. गावी जाऊ, पक्षाल आपण करू. सही काय, नंतरही करता येईल."

मंदिराची किल्ली कोणाकडे असते, हेही मला ठाऊक नव्हते. चुलत बंधूंना फोन लावून त्या दिवशी एवढेच विचारले.