सुताराचा मुलगा

माझे बाबा मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डमध्ये सुतार होते. कॉलेजच्या फॉर्मवर मी 'सरकारी नोकरी' एवढंच लिहायचो. इंजिनिअर झाल्यावर तर मनात पक्कंच बसलं, की डोकं चालवणारे वेगळे आणि हात चालवणारे वेगळे. इंग्रजांच्या काळातही गोदीत घाम आपल्या लोकांचा, अक्कल साहेबाची, असंच मी धरून चालायचो. हे तोंडाने कधी बोललो नाही; पण बाबांशी वागताना ते दिसत असणारच. त्याची लाज वाटते.

इंग्लंडमध्ये नोकरीला असताना हार्टलपूलला गेलो. ईशान्य किनाऱ्यावरचं हे एके काळी जहाजं बांधणारं गाव. तिथलं जहाजबांधणीचं काम साठच्या दशकात थांबलं. तिथल्या संग्रहालयात 'ट्रिंकोमाली' आहे, अजून पाण्यावर तरंगणारी ब्रिटनची सर्वांत जुनी युद्धनौका. ती १८१७ साली मुंबईच्या गोदीत पाण्यात उतरली. बांधणारे जमशेटजी बमनजी वाडिया. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडला ओक पुरेना, म्हणून लाकूड मलबारच्या सागाचं.

नकाशे मात्र लंडनहून आलेले. ते कळल्यावर मला बरं वाटलं. माझंच खरं ठरलं ना!

मग जहाजात खाली उतरलो. तिथे मान वाकवूनच चालावं लागतं. कडेच्या लाकडावरून हात फिरवत गेलो, तर सरळ रेघ सापडेना. तुळया वाकलेल्या, फळ्या वळत गेलेल्या, सांध्यांचे कोन बदलत जाणारे. मी जन्मभर ड्रॉइंग काढत आलो. कागदावरचा वाक लाकडात आणायचा तर ओंडका कुठला घ्यायचा, कुठून तासायचा, कुठे थांबायचं, हे नकाशा सांगत नाही. ते ज्याच्या हातात हत्यार असतं तोच ठरवतो, आणि तेही पुन्हा पुन्हा, हजारो जागी. माझ्या हाताखालची जागाही अशीच कुणीतरी विचार करून तासली होती. मी तिथेच थांबलो. घरात असा विचार करणारा माणूस असताना मी त्याला त्याच्या कामाबद्दल एकही प्रश्न विचारला नव्हता. जहाज साम्राज्याच्या तोफा वाहायला बांधलेलं, ही बोच होतीच. पण त्यापेक्षा हे जास्त लागलं.

रात्री बाबांना फोन केला. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे खराब होतात, सागात टिकतात, ही नवी माहिती त्यांना सांगितली.

"अरे, सागाला तेल असतं," ते म्हणाले. "बोल्ट आरपार मारलेत का? आणि फळीचे सांधे एकाखाली एक आलेत, की सोडून सोडून?"

मी पाहिलंच नव्हतं. त्यांचे सगळे प्रश्न कागदावर उतरवून घेतले आणि पुढच्या रविवारी पुन्हा हार्टलपूलची गाडी पकडली.